गुडघ्याच्या उंचीवर

त्बिलिसीहून तीन यंत्रं मागवली,
तीन खोकी ओट्यावर मांडून बसले आहे.
द्राक्षं उतरवायला माणसं येतील चार दिवसांनी.
त्सिआला आत्या म्हणते, एवढं काय त्यात निवडायचं?
तुझा आजोबा मेणबत्ती घेऊन उतरायचा,
ज्योत विझली की वर यायचा.

ज्योत विझते ना आत्या,
तोवर माणसाचं डोकं जड झालेलं असतं.
मालखाझकाका मेणबत्तीसकटच सापडला,
निम्मीसुद्धा जळली नव्हती.
पळी आणायला गेला होता.
फक्त पळी.

पहिलं खोकं स्वस्त, सत्तर लारी.
माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं तेव्हा कळलं,
हा तो वायू मोजतच नाही,
इतर वाफा हुंगतो आणि अदमास सांगतो.
आमच्या तळघरात, जिथं जमिनीत पुरलेले अकरा रांजण
दीड महिना खदखदत असतात, तिथं हा?
कोपऱ्यावरच्या झुराबसारखा,
दुसऱ्यानं बाटली उघडली की याची बडबड सुरू.

दुसरा खरा. आत एक लहानसा दिवा आहे,
न दिसणाऱ्या उजेडाचा,
वायू त्यातला आपला वाटा पितो
आणि उरलेल्यावरून हा हिशेब मांडतो.
पण याची धाव पाच हजारांपर्यंत. वर्गखोल्यांसाठी केलेला,
पेंगणाऱ्या पोरांसाठी खिडकी उघडा म्हणणारा.
आमच्याकडे ऑक्टोबरात पाच हजार
न्याहारीच्या आत ओलांडले जातात,
आणि त्यापुढं याला सगळं सारखंच,
पेंग काय नि मरण काय.

शिवाय याला एक खोड आहे.
आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा
हा मोकळी हवा म्हणून धरतो
आणि स्वतःला त्याप्रमाणं दुरुस्त करून घेतो.
जिथं मोकळी हवा येतच नाही
तिथं तो दर आठवड्याला थोडा थोडा सरावत जातो.
हे वाचलं आणि चहा गार होईपर्यंत बसून राहिले.
सासरची पहिली तीन वर्षं आठवली.
त्या घरातल्या हवेलाच मी मोकळी हवा धरत गेले होते,
आई विचारायची, तर सांगायचे, बरं आहे.

तिसरा महाग. एका डुकराचे पैसे.
पन्नास हजारांपर्यंत वाचतो,
ती सरावायची खोड बंद करता येते,
मात्र हंगामाआधी एकदा त्याला अंगणात आणून
खरी हवा दाखवायची.
दमटपणा सोसेल अशी टोपी वेगळी घ्यावी लागते, घेतली.

नोदार वायरमन आला, भिंतीवर खडूनं फुली मारली,
डोळ्यांच्या उंचीवर, बघायला सोपं.
म्हटलं, खाली.
अजून खाली.
हा वायू पाण्यासारखा तळापासून भरतो.
त्या दिवशी कुत्रा दुसऱ्या पायरीवरूनच भुंकत होता,
त्याचं नाक कुठं असतं बघ.
इथं. गुडघ्याशी. आकडा मात्र दाराबाहेर दिसला पाहिजे,
आत जाऊन वाचायचा असेल तर मेणबत्ती काय वाईट?

लहानपणी बाबा रिकाम्या रांजणात उतरायचे,
चेरीच्या सालीच्या कुंच्यानं आतून घासायला.
आत गात राहायचे,
मी वर दोरी धरून बसायची.
गाणं थांबलं की ओरडायचं, हे माझं काम.
एकदा ते पुढची ओळ विसरले
आणि मी अख्खा गाव गोळा केला.
पळी आणणारा माणूस कशाला गाईल?

संध्याकाळी तिसऱ्याला तुतीखाली ठेवला.
आकडा उतरत उतरत चारशे सव्वीसला टेकला.
आत्या वाकली, चष्मा नाकावर ढकलून
बारकाईनं बघू लागली आणि आकडा उसळला,
नऊशे, दोन हजार, तीन हजार दोनशे.
दचकून मागं सरली. हे काय गं?
तुझा श्वास.
एवढा?
पुन्हा वाकली.
या वेळी मुद्दाम, गाल फुगवून.